नाळ कधी कापायची? आधी बाळाचा श्वास, मग क्लॅम्प (होणाऱ्या आईबाबांसाठी)

डिलिव्हरीची तारीख जवळ आली की बॅगेच्या याद्या सगळ्यांच्या तयार असतात, दुपटी, झबली, लंगोट, कानटोपी, आईचे गाऊन, फाईल, आधार कार्ड. पण बाळ बाहेर आल्यावर पहिल्या एक ते तीन मिनिटांत नाळेचं काय करायचं हे डॉक्टरांशी आधी बोलून ठेवलेलं जोडपं मला क्वचितच दिसतं. मी लेबर रूममध्ये स्टाफ नर्स आहे आणि मला मनापासून वाटतं की हा विषय सातव्या-आठव्या महिन्यातच बोलून झाला पाहिजे, कारण कळा सुरू झाल्यावर कुणालाच काही सुचत नाही आणि बाळ आल्यावर तर एका मिनिटात सगळं होऊन जातं.

नाळ थोडं थांबून कापायची, याला डिलेड कॉर्ड क्लॅम्पिंग म्हणतात. डब्ल्यूएचओनं २०१४ च्या गाइडलाइनमध्ये सांगितलंय की जन्मानंतर एक मिनिट व्हायच्या आत नाळ क्लॅम्प करू नका, म्हणजे चिमटा लावून बंद करू नका. आपल्याकडे २०१८ मध्ये ॲनिमिया मुक्त भारत ही सरकारी योजना सुरू झाली त्यातही नाळ तीन मिनिटांनी किंवा नाळेचे ठोके थांबल्यावर क्लॅम्प करा असं आहे. म्हणजे हे काही परदेशातलं फॅड नाही, सरकारी दवाखान्यातसुद्धा हक्कानं विचारता येईल अशी गोष्ट आहे.

बहुतेक ठिकाणी याचं कारण एकच सांगतात, बाळाला जास्त रक्त मिळतं, लोह मिळतं. ते खरंच आहे, पण माझ्या मते अर्धंच. दुसरा अर्धा भाग बाळाच्या हृदयाचा आहे आणि तो नीट कळला की किती मिनिटं थांबायचं, कधी थांबायचं नाही, सिझरमध्ये काय, लवकर आलेल्या बाळाचं काय, ही सगळी उत्तरं आपोआप कळायला लागतात, म्हणून आधी तेच सांगते.

आत नेमकं काय होतं

पोटात असताना बाळाच्या फुप्फुसात हवा नसते, पाणी असतं. ऑक्सिजन सगळा वारेतून (प्लासेंटातून) येतो. वारेतलं चांगलं रक्त नाळेच्या शिरेतून बाळाच्या पोटात, तिथून हृदयाच्या उजव्या कप्प्यात आणि तिथल्या एका नैसर्गिक झडपेतून थेट डाव्या कप्प्यात जातं. डावी बाजू म्हणजे जी मेंदूला आणि खुद्द हृदयाला रक्त पुरवते ती. फुप्फुसं बंद असल्यामुळे त्यांच्याकडून डाव्या बाजूला फार थोडं रक्त येतं, त्यामुळे पोटातल्या बाळाचं डावं हृदय मुख्यतः नाळेतून येणाऱ्या रक्तावर भरतं. हृदयाकडे परत येणाऱ्या एकूण रक्तापैकी साधारण ३० ते ५० टक्के एकट्या नाळेतून येतं.

आता बाळ बाहेर आलं, अजून श्वास घेतलेला नाही आणि आपण लगेच चिमटा लावला, तर एकाच क्षणी दोन गोष्टी होतात. एक, डाव्या हृदयात येणारं रक्त एकदम कमी होतं कारण नाळ बंद आणि फुप्फुसं अजून उघडलेली नाहीत. दोन, वार म्हणजे रक्ताला सहज वाहून जाता येईल अशी मोठी मोकळी जागा होती, तीच बंद झाल्यामुळे हृदयाला आता जास्त दाबाविरुद्ध ढकलावं लागतं. विहिरीत पाणी नाही आणि मोटार चालूच, असं ते होतं. ठोके मंदावतात, बाहेर फेकलं जाणारं रक्त कमी होतं, मेंदूकडचा दाब आधी वर जातो मग खाली येतो.

हे अंदाजानं बोलत नाहीये. ऑस्ट्रेलियात मोनॅश युनिव्हर्सिटीच्या टीमनं कमी दिवसांच्या कोकरांवर हे मोजलं, २०१३ मध्ये ते छापून आलं. आधी नाळ बंद करून मग श्वास दिला त्या कोकरांचे हृदयाचे ठोके दोन मिनिटांत जवळपास ४० टक्के खाली गेले आणि श्वास दिल्यावर परत चढले. ज्यांना आधी श्वास दिला आणि मग नाळ बंद केली त्यांच्यात अशी पडझड झाली नाही, कारण फुप्फुसं उघडली की त्यांच्यातून वाहणारं रक्त खूप वाढतं आणि तेच परत येऊन डावं हृदय भरतं. नाळेची जागा फुप्फुसांनी घेतली, आता नाळ बंद केली तरी हृदय रिकामं पडत नाही.

म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते, घड्याळ बघा पण त्याच्या आधी श्वास बघा. बाळ रडलं, छाती नीट वरखाली होतेय, त्यानंतर घड्याळात मिनिट मोजणं याला अर्थ आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पूर्ण दिवसांचं धडधाकट बाळ बाहेर येताच रडतं, त्याची नाळ लगेच कापली तरी त्याचं हृदय ते सांभाळून नेतं. आपल्यापैकी बहुतेकांची नाळ तशीच कापली गेलीय. तुमच्या पहिल्या बाळाच्या वेळी थांबले नव्हते म्हणून आता मनाला लावून घेऊ नका. हृदयाच्या दृष्टीनं खरा फरक पडतो तो श्वासाला वेळ लावणाऱ्या आणि लवकर आलेल्या बाळांना, आणि आपलं बाळ त्यातलं निघेल का हे आधी कुणालाच माहीत नसतं.

रक्ताचा हिशोबही सांगून टाकते. पूर्ण दिवसांच्या बाळाला पहिल्या मिनिटात वारेतून साधारण ८० मिली आणि तीन मिनिटांपर्यंत साधारण १०० मिली रक्त मिळतं. तीन किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून पाव लिटरच्या आसपास रक्त असतं, त्यात १०० मिली म्हणजे केवढं ते बघा. त्यातलं लोह पहिले काही महिने पुरतं. स्वीडनमध्ये ४०० बाळांचा अभ्यास झाला (२०११), त्यात चार महिन्यांनी लोहाची कमतरता लगेच नाळ कापलेल्या बाळांमध्ये ५.७ टक्के आणि तीन मिनिटं थांबलेल्यांमध्ये ०.६ टक्के निघाली. पण स्वीडन कुठे, आपण कुठे, म्हणून मला काठमांडूचा अभ्यास जास्त जवळचा वाटतो. तिथे ५४० बाळं होती, आठ महिन्यांनी ॲनिमिया लगेच कापलेल्यांत ८२ टक्के आणि थांबलेल्यांत ७३ टक्के. आकडे दोन्हीकडे वाईटच आहेत पण फरक खरा आहे. आपल्याकडे एनएफएचएस ५ या सरकारी कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुलं ॲनिमिक निघाली. दोन-तीन मिनिटं थांबण्याला एक रुपया लागत नाही हो.

आधी काय करायचं: सातव्या-आठव्या महिन्यात

तपासणीला जाल तेव्हा शेवटी, बीपी-वजन-सोनोग्राफी सगळं झाल्यावर, शांतपणे विचारा. वाक्य असं ठेवा: "मॅडम, बाळ रडत असेल आणि माझं ब्लीडिंग वगैरे ठीक असेल तर नाळ निदान एक मिनिटानंतर, जमलं तर तीन मिनिटांनी क्लॅम्प कराल का? आणि तसं फाईलवर लिहून ठेवाल का?" यात 'ठीक असेल तर' हे शब्द मुद्दाम आहेत. डॉक्टरांना हुकूम दिल्यासारखं वाटलं की बोलणं तिथेच संपतं, आणि तुम्ही अट मान्य करूनच विचारताय हे कळलं की बहुतेक डॉक्टर हो म्हणतात, कित्येक म्हणतात आम्ही करतोच.

फाईलवर लिहून घेणं महत्त्वाचं कारण डिलिव्हरीच्या रात्री ड्यूटीवर तुमच्या मॅडम असतीलच असं नाही, रेसिडेंट डॉक्टर असेल, दुसरी सिस्टर असेल. ॲडमिट होताना फाईल देताना एकदा तोंडी पण सांगा. सरकारी दवाखान्यात बाळंतिणीजवळ एका बाईमाणसाला थांबू देण्याची परवानगी २०१६ पासून आहे, ती जी कुणी असेल, आई, सासूबाई, जाऊबाई, तिला हे आधी समजावून ठेवा, कारण त्या वेळी तुम्ही बोलायच्या स्थितीत नसता.

आणि घरातल्या मोठ्यांशी पण बोला, हे मी अनुभवावरून सांगतेय. लेबर रूमच्या दाराशी उभं राहून "अजून नाळ का नाही कापली" असा घोर लावून घेणारी मंडळी असतात आणि त्यांची काळजी खरी असते. सगळ्यात मोठी भीती म्हणजे आईचं रक्त बाळात जाईल आणि ती अशक्त होईल, त्यातून आईचं एचबी आधीच नऊ असेल तर विचारूच नका. त्यांना सांगा की नाळेतून जे जातं ते बाळाचंच रक्त असतं, वारेत आईचं रक्त आणि बाळाचं रक्त वेगवेगळं वाहतं. थांबल्यामुळे आईचं एक थेंब रक्त बाळाकडे जात नाही, आणि थांबलं म्हणून आईला ब्लीडिंग जास्त होतं असंही अभ्यासांमध्ये दिसलेलं नाही.

दुसरा प्रश्न पत्रिकेचा. काही घरांत नाळ कापल्याची वेळ ती जन्मवेळ असं धरतात आणि मग तीन मिनिटांनी काय होईल म्हणून कुरकुर होते. हॉस्पिटल जी वेळ लिहितं ती बाळ पूर्ण बाहेर आल्याची, नाळेचा त्याच्याशी काही संबंध नाही, तेवढं सांगितलं की विषय मिटतो.

नॉर्मल डिलिव्हरीत काय काय व्हायला हवं

हा भाग आईबाबांनी वाचावा आणि माझ्यासारख्या सिस्टर्सनी पण. तयारी आधी. पंखा-एसी बंद, खोली २५ ते २८ डिग्री, दोन स्वच्छ कोरडे टॉवेल वॉर्मरखाली (बाळाला ऊब देणाऱ्या यंत्राखाली) गरम करून ठेवलेले, टोपी, क्लॅम्प, कात्री आणि सेकंद दिसतील असं घड्याळ. बाळाला श्वास द्यायची बॅग आणि मास्क चालतोय का हे बाळ यायच्या आधी बघायचं, नंतर नाही.

बाळ पूर्ण बाहेर आलं की कुणीतरी मोठ्यानं वेळ सांगायची. बाळ थेट आईच्या पोटावर, कोरड्या टॉवेलवर. डोकं, पाठ, हातपाय पुसायचे, पाठ चोळायची, ओला टॉवेल काढून टाकायचा आणि दुसऱ्या कोरड्यानं झाकायचं, टोपी घालायची. पुसणं म्हणजे नुसतं साफ करणं नाही, त्यानंच बाळ श्वास घ्यायला लागतं. इथे बघायचं, रडतंय का, रडत नसेल तर छाती नीट हलतेय का. हृदयाचे ठोके नाळेच्या मुळाशी बोटं ठेवून कळतात, सहा सेकंद मोजून दहानं गुणायचं, शंभरच्या वर असले की बरं. बोटांना लागले नाहीत तर स्टेथोस्कोपनं ऐकायचे.

पूर्वी बाळ खाली, आईच्या पातळीपेक्षाही खाली धरून ठेवायचे, म्हणजे रक्त उतरेल म्हणून. त्यामुळे थांबायचं म्हणजे ओलंचिंब बाळ हातात धरून उभं राहायचं असा त्रास होता आणि खरं सांगायचं तर त्यामुळेच बरेच लोक थांबायचे नाहीत. अर्जेंटिनातल्या अभ्यासानं (लॅन्सेट, २०१४) हा प्रश्न सोडवला. काही बाळं आईच्या पोटावर ठेवली, काही खाली धरली, दोन मिनिटांत दोन्हीकडे वजन जवळपास सारखंच वाढलं, ५३ आणि ५६ ग्रॅम. म्हणजे बाळ पोटावर, आईच्या उबेत ठेवा, काही बिघडत नाही.

आईला ब्लीडिंग होऊ नये म्हणून ऑक्सिटोसिनचं दहा युनिटचं इंजेक्शन एका मिनिटाच्या आत द्यायचं असतं, पोटात दुसरं बाळ नाही ना हे बघून. नाळेसाठी थांबलोय म्हणून इंजेक्शन थांबवायचं नाही, दोन्ही बरोबर चालतं.

मग मिनिटं मोजायची. एक मिनिट झालं आणि बाळ मस्त रडतंय, तर अजून थांबायला हरकत नाही, तीनपर्यंत. नाळ आधी जाड, निळसर, ठोके देणारी असते, हळूहळू पांढरट आणि लुळी पडते, ते बघायलाही छान वाटतं. ठोके थांबले म्हणजे रक्त वाहणं त्याच क्षणी थांबलं असं मात्र नाही, अल्ट्रासाऊंडनं बघितलं तर बाळाच्या श्वासाबरोबर रक्त कमीजास्त येताना दिसतं. म्हणून फक्त ठोक्यांवर अडून बसू नका, श्वास आणि मिनिटं हे दोन धरा. त्यानंतर क्लॅम्प लावायचा, निर्जंतुक कात्रीनं कापायचं, आणि बाळ तिथेच छातीवर राहू द्यायचं, पहिल्या तासात दूध. वजन, लस, फोटो सगळं नंतर.

नाळ गळ्याभोवती असली तर? हा प्रश्न हमखास येतो. बहुतेक वेळा वेढा सैल असतो, डोक्यावरून काढता येतो. घट्ट असेल तरी बऱ्याचदा डोकं आईच्या मांडीजवळ धरून बाळाला कोलांटी दिल्यासारखं बाहेर आणता येतं आणि मग वेढा सोडवतात, नाळ न कापता. अगदीच नाइलाज असेल तर आधी कापावी लागते आणि ते डॉक्टर तिथल्या तिथे ठरवतात.

सिझर असेल तर

सिझरमध्ये थांबता येत नाही असा एक समज आहे, तो चुकीचा आहे. बाळ आईच्या मांड्यांवर निर्जंतुक गरम कपड्यात ठेवतात, पुसतात, पेडियाट्रिशियन बाजूला उभे राहून श्वास बघतात, आणि निदान ३० ते ६० सेकंद थांबतात, सगळं ठीक असेल तर जास्त. अडचण दोन असतात, एक ऑपरेशन थिएटरमधली थंडी आणि दुसरी गर्भाशयाच्या छेदातून होणारं ब्लीडिंग, त्यामुळे इथे सर्जनच्या शब्दाला मान द्या. ठरवून केलेलं सिझर असेल तर आदल्या दिवशी सर्जन आणि पेडियाट्रिशियन दोघांनाही सांगा, कारण बाळ हातात घेणारे वेगळे आणि नाळ कापणारे वेगळे, एकाला माहीत आणि दुसऱ्याला नाही असं झालं की मिनिट तिथेच जातं.

बाळ लवकर आलं तर

इथे मला सगळ्यात जास्त कळकळ आहे. पूर्वी सातव्या-आठव्या महिन्यात बाळ आलं की नाळ पटकन कापून धावत वॉर्मरकडे न्यायचं हीच पद्धत होती, आणि हेतू चांगलाच होता. पण अशा बाळाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या इतक्या नाजूक असतात की हृदय एकदम रिकामं पडणं आणि दाब वरखाली होणं त्यांना झेपत नाही. २०२३ मध्ये लॅन्सेटमध्ये २० अभ्यासांमधल्या तीन हजारांहून जास्त बाळांची माहिती एकत्र करून बघितली. लगेच नाळ कापलेल्या कमी दिवसांच्या बाळांपैकी घरी जायच्या आधी साधारण शंभरात आठ दगावली, थांबलेल्यांत सहा. इतकी साधी गोष्ट जीव वाचवते म्हटल्यावर ती प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यात व्हायलाच हवी असं मला वाटतं.

कळा लवकर सुरू झाल्या तर शक्य तितक्या लवकर एनआयसीयू किंवा एसएनसीयू (नवजात बाळांचा खास उपचार विभाग) असलेल्या ठिकाणी पोचा आणि तिथे विचारा, "बाळ श्वास घेत असेल तर निदान एक मिनिट थांबाल का?" थांबताना बाळ गार पडता कामा नये, फारच लहान बाळाला न पुसता प्लास्टिकच्या स्वच्छ पिशवीत गुंडाळतात, ते बघून घाबरू नका, ऊब टिकवण्यासाठीच असतं.

एक धोक्याची गोष्ट. थांबायला वेळ नाही म्हणून नाळ बोटांनी पिळून रक्त बाळाकडे ढकलायचं अशी पद्धत आहे. २८ आठवड्यांच्या आतल्या बाळाला हे करायचं नाही. २०१९ मध्ये छापलेल्या एका मोठ्या अभ्यासात २३ ते २७ आठवड्यांच्या बाळांमध्ये नाळ पिळल्यावर मेंदूत गंभीर रक्तस्राव २२ टक्क्यांना झाला, थांबलेल्यांत ६ टक्क्यांना, आणि अभ्यास मध्येच थांबवावा लागला. रक्त तेच, पण एका झटक्यात ढकललं की नाजूक बाळाला सोसत नाही.

कधी थांबायचं नाही

बाळ पुसून, पाठ चोळून पण श्वास घेत नाही, लुळं आहे, तर पहिल्या मिनिटाच्या आत बॅग-मास्कनं श्वास सुरू झाला पाहिजे. काही मोठ्या ठिकाणी नाळ जोडलेली ठेवून आईच्या शेजारीच श्वास देतात, पण तशी सोय आणि सराव नसेल तर नाळ कापून वॉर्मरवर न्यायचं, हेच बरोबर. नाळ लवकर कापली याचं दुःख करायचं नाही, कारण मुद्दा श्वासाचाच आहे आणि तो तिथे मिळतोय. त्या क्षणी कुणीही, अगदी कुणीही, "पण मॅडम आमचं ठरलं होतं ना" असं म्हणू नका.

वार आधीच सुटली, वारेतून ब्लीडिंग होतंय, नाळ तुटली, आईला जोरात रक्तस्राव होतोय किंवा ती शुद्धीवर नाही, तेव्हाही थांबत नाहीत. एकाच वारेवरची जुळी असतील, आईचं रक्त निगेटिव्ह असून अँटिबॉडीज तयार झाल्या असतील, किंवा बाळाची वाढ फार कमी असेल, तर आधीच डॉक्टरांशी वेगळं बोला, तिथे सगळ्यांना एकच नियम लागू होत नाही. आईला एचआयव्ही असेल तरी थांबता येतं, डब्ल्यूएचओनं तसं स्पष्ट लिहिलंय.

सोनोग्राफीत बाळाच्या हृदयात दोष दिसला असेल तर? याचा अर्थ थांबायचंच नाही असा होत नाही, पण निर्णय बाळाच्या हृदयाचे डॉक्टर, गायनॅक आणि पेडियाट्रिशियन यांनी मिळून घ्यायचा आणि डिलिव्हरी अशा ठिकाणी करायची जिथे पुढचे उपचार होतील. थांबल्यानं हृदयातलं छिद्र बुजत नाही आणि न थांबल्यानं पडत नाही, हे दोन्ही मला लोक विचारतात म्हणून लिहितेय.

कॉर्ड ब्लड बँकवाले, म्हणजे नाळेतलं रक्त साठवून ठेवणारे, भेटतील. त्यांना जितकं जास्त रक्त हवं तितकं बाळाला कमी मिळणार, दोन्ही भरपूर मिळणं कठीण. स्वतःच्या बाळासाठी रक्त साठवून ठेवायला आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेनं शास्त्रीय आधार मानलेला नाही. माझं मत विचाराल तर ते रक्त आजच बाळाला द्या.

रस्त्यात, रिक्षात, पाड्यावर डिलिव्हरी झाली तर नाळ कापायची घाई अजिबात करू नका. घरातलं ब्लेड, विळी काही लावू नका. बाळ पुसून आईच्या उघड्या छातीवर, वरून पदर-चादर, १०८ ला फोन. वार आपोआप बाहेर आली तर ती स्वच्छ कपड्यात किंवा पिशवीत बाळाच्या जवळच ठेवा, नाळ ओढू नका. जोडलेल्या नाळेनं बाळाला काही होत नाही, गारठ्यानं आणि जंतूंनी होतं.

नंतरचे दिवस

जन्मल्या जन्मल्या बाळ थोडं निळं दिसतं ते नॉर्मल आहे. पहिल्या मिनिटाला ऑक्सिजन ६०-६५ टक्केच असतो, पाच मिनिटांनी ८०-८५, दहा मिनिटांपर्यंत ८५ ते ९५. हातपाय एखादा दिवस निळसर राहू शकतात, पण जीभ आणि ओठ निळे असतील तर लगेच दाखवा.

घरी जायच्या आधी, २४ तासांनंतर, पल्स ऑक्सिमीटरनं उजव्या हाताचा आणि एका पायाचा ऑक्सिजन बघायला सांगा. ९५ किंवा जास्त आणि दोन्हीत तीनपेक्षा जास्त फरक नको. दोन मिनिटांची, न टोचता होणारी तपासणी आहे आणि हृदयाचे काही गंभीर दोष यातच पकडले जातात. पहिल्या दोन-तीन दिवसांत इको (हृदयाची सोनोग्राफी) झाली आणि रिपोर्टवर 'पीएफओ' (वर सांगितलेली उजव्या-डाव्या कप्प्यांमधली झडप अजून उघडी) किंवा छोटा 'पीडीए' (हृदयाजवळच्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांमधली वाट अजून उघडी) लिहिलं असलं तर रडत बसू नका, बाळ पोटात असतानाच्या नैसर्गिक वाटा आहेत त्या, बऱ्याचदा आपापल्या बंद होतात, डॉक्टर पुन्हा कधी बोलावतात ते विचारून घ्या. दूध पिताना घाम येणं, मध्येच दमून सोडून देणं, शांत झोपेत मिनिटाला साठपेक्षा जास्त श्वास, वजन न वाढणं, यातलं काही दिसलं तर मात्र थांबू नका. खर्चाची भीती असेल तर आरबीएसके या मुलांच्या आरोग्याच्या सरकारी योजनेत मुलांच्या हृदयाच्या जन्मजात दोषांचे उपचार येतात, आशाताईंना विचारा.

थांबल्याची एक किंमत आहे ती पण सांगते. रक्त जास्त म्हणून कावीळ थोडी जास्त. बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशोब केला तेव्हा लाईटखाली ठेवावं लागलं ते थांबलेल्यांत शंभरात पाचपेक्षा कमी, लगेच कापलेल्यांत तीनपेक्षा कमी. म्हणून दूध भरपूर पाजा आणि डिस्चार्जनंतर दोन-तीन दिवसांनी बाळ दाखवायला न्याच. पहिल्या २४ तासांत पिवळं दिसलं किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले तर त्याच दिवशी. कोवळ्या उन्हात ठेवणं हा त्याच्यावरचा उपचार नाही.

उरलेल्या नाळेला काही लावायचं नाही, हळद नाही, तेल नाही, राख नाही, पावडर नाही. कोरडी ठेवा, लंगोट खाली दुमडा. साधारण एक ते दोन आठवड्यांत गळून पडते. बुडाशी लाली, पू, वास आला तर दाखवा.

डिस्चार्ज कार्डावर नाळ किती मिनिटांनी क्लॅम्प केली ते लिहून मागा, बाळाचे डॉक्टर पुढे ॲनिमियाचा विचार करताना त्याचा उपयोग करतात. आणि थांबलो होतो म्हणून पुढचं लोह चुकवू नका. पूर्ण दिवसांच्या बाळाला सहा महिन्यांनंतर सरकारी आयएफए (लोह आणि फॉलिक ॲसिडचं) सिरप आठवड्यातून दोनदा एक-एक मिली असतं, अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे फुकट मिळतं. लवकर जन्मलेल्या किंवा वजन कमी असलेल्या बाळाला लोह याच्या बरंच आधी सुरू करतात, ते कधी आणि किती थेंब हे एनआयसीयूतून सुट्टी होतानाच लिहून घ्या.